अन्नछत्राचे हस्तांतर: केप व्हर्देचा धडा

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे सहाशे किलोमीटर दूर, अटलांटिक महासागरात केप व्हर्दे नावाचा दहा बेटांचा समूह आहे. २० फेब्रुवारी १९४९ रोजी या बेटांची राजधानी प्राया येथे एक भीषण दुर्घटना घडली. दुष्काळाने गांजलेल्या माणसांना वसाहत सरकारच्या मदतकेंद्रात गरम जेवण मिळत असे. त्या दिवशी जेवणासाठी आवारात जमलेल्या लोकांवर तेथील भिंत कोसळली आणि दोनशेहून अधिक माणसे तिच्याखाली सापडून मेली. ही माणसे चोर नव्हती, बंडखोर नव्हती. दुसऱ्याच्या दयेने मिळणाऱ्या घासाची वाट पाहण्यावाचून त्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता, एवढाच त्यांचा अपराध.

या घटनेनंतर एकसष्ट वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच देशात दुसरी एक घटना घडली. संयुक्त राष्ट्रसंघाचा जागतिक अन्न कार्यक्रम १९७९ पासून तेथील शाळांतील मुलांच्या जेवणाचा शिधा पुरवीत होता. एकतीस वर्षांनंतर त्याने हे काम पूर्णपणे केप व्हर्देच्या सरकारकडे सोपविले. परदेशी शिधा थांबला, परंतु शाळेतील चूल विझली नाही. मुलांचे जेवण देशाच्या अंदाजपत्रकातून चालू राहिले. पश्चिम आफ्रिकेत असे घडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. जगाच्या वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. भूक लागते तेव्हा बातमी होते. भुकेची व्यवस्था लागते तेव्हा ती होत नाही.

दानावर चालणारे अन्नछत्र आणि दानावर चालणारी शाळा दात्याने कधी सोडावी, कोणाच्या स्वाधीन करावी आणि ती स्वाधीन करून घेणाऱ्याने आधी काय कमावलेले असावे, हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला आहे. त्याचे उत्तर शोधताना केप व्हर्देचा अनुभव बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे: हस्तांतर समारंभाच्या दिवशी होत नाही, घेणाऱ्या समाजाने पहिल्या दिवसापासून दानाचे रूपांतर आपल्या हक्कात करण्याचा आग्रह धरला, तरच ते होते.

भुकेची राजवट

केप व्हर्दे ही पोर्तुगालची वसाहत. तीच राजवट गोमंतकावरही होती, म्हणून महाराष्ट्रातील आणि गोव्यातील समाजवादी कार्यकर्त्यांना तिचे स्वरूप वेगळे सांगण्याचे कारण नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी ज्या सालाझारशाहीच्या बंदीहुकमाला आव्हान दिले, त्याच सालाझारशाहीच्या छत्राखाली केप व्हर्देत माणसे भुकेने मरत होती. १९४० च्या सुमारास या बेटांची लोकसंख्या १ लाख ८० हजारांच्या आसपास होती. १९४१ ते १९४३ आणि १९४७ ते १९४८ या दोन दुष्काळांत मिळून तेथे चाळीस हजारांहून अधिक माणसे दगावली. जे वाचले त्यांतील हजारो लोक साओ टोमेच्या कोकोच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून पाठविले गेले. भूक आणि वेठ यांची सांगड वसाहतवाद कशी घालतो, याचे याहून उघडे उदाहरण शोधावे लागणार नाही.

१९५१ मध्ये लिस्बनच्या सरकारने आपल्या घटनेतून ‘वसाहत’ हा शब्द काढून टाकला. गोवा काय आणि केप व्हर्दे काय, हे सगळे पोर्तुगालचेच ‘सागरापलीकडील प्रांत’ आहेत, असा पवित्रा त्याने घेतला. परंतु आपल्याच प्रांतातील एवढ्या मोठ्या भागाला भुकेने मरू देणाऱ्या सरकारला हे आप्तपण सांगण्याचा कोणता अधिकार उरला होता?

या बेटांवर पाऊस लहरी आहे. वर्षातील दोन-तीन महिने तो पडला तर पडतो, आणि लागवडीयोग्य जमीन एकूण भूमीच्या दशांशाच्या आसपास आहे. म्हणून तेथील दुष्काळ हा निसर्गाचा कोप आहे, असे राज्यकर्ते सांगत असत. या युक्तिवादाला उत्तर दिले ते अमिल्कार काब्राल या तरुणाने. लिस्बनमध्ये शेतीशास्त्राचे शिक्षण घेत असलेला हा तरुण १९४९ मध्येच सुट्टीत प्रायाला आला आणि तेथील नभोवाणीवरून जमिनीची धूप, पाणी आणि शेती यांविषयी लोकांशी बोलू लागला. वसाहत सरकारने ती भाषणे बंद पाडली. भाषणे शेतीवर होती. पण माती का वाहून जाते हे शेतकऱ्याला कळले की राज्य कोणाचे आहे हेही त्याला कळू लागते, एवढी समज सत्ताधाऱ्यांना होती. पुढे याच काब्रालने गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्दे यांच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले. २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्री येथे त्याची हत्या झाली. ५ जुलै १९७५ रोजी केप व्हर्दे स्वतंत्र झाला, तो पाहायला काब्राल उरला नव्हता.

धान्य विकले, मजुरी दिली

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तिजोरी रिकामी होती आणि १९६८ पासून सुरू झालेले अवर्षण संपलेले नव्हते. देशाला लागणाऱ्या धान्याचा अगदी थोडा भाग देशात पिकत होता. आरिस्तिदेस परेरा हे राष्ट्राध्यक्ष आणि पेद्रू पिरेस हे पंतप्रधान असलेल्या नव्या सरकारपुढे परदेशी धान्य स्वीकारण्यावाचून पर्याय नव्हता. आत्मसन्मानासाठी ते नाकारावे, असे म्हणणे पोट भरलेल्यालाच परवडते. प्रश्न एवढाच होता की ते धान्य लोकांच्या हाती कोणत्या रूपाने पोहोचावे. झोळीत पडणारी मूठ म्हणून, की कष्टाचा मोबदला म्हणून?

या सरकारने जो निर्णय घेतला, तो त्या काळच्या मदतीच्या रूढ पद्धतीला छेद देणारा होता. देणगीदाखल आलेल्या धान्याचा मोठा भाग फुकट वाटावयाचा नाही, असे त्याने ठरविले. सरकारी पुरवठा कंपनीमार्फत ते धान्य ठरावीक दराने दुकानांतून विकले गेले. विक्रीचा पैसा राष्ट्रीय विकास निधीत जमा झाला, आणि त्या निधीतून दुष्काळी कामांवरील मजुरांना रोख मजुरी दिली गेली. मजुरांनी डोंगरउतारांवर दगडी बांध घातले, नाल्यांना आडवे बंधारे बांधले, फरसबंदी रस्ते केले आणि लाखो झाडे लावली. त्या मजुरीवर कुटुंबाने तेच धान्य विकत घेतले. देणाऱ्या राष्ट्रांना ही पद्धत मान्य करावी लागली, कारण हिशेबाच्या वह्या त्यांना उघड्या होत्या.

या व्यवहारात बदलले काय? धान्य तेच, जहाज तेच, दाताही तोच. बदलले ते माणसाचे स्थान. प्रायाच्या आवारात भिंतीकडेला जेवणाची वाट पाहणारा माणूस आता हजेरीपटावरील मजूर झाला. त्याला मुकादमाशी भांडता येऊ लागले, मजुरी कमी पडते अशी तक्रार करता येऊ लागली. भिक्षेकऱ्याला तक्रारीचा अधिकार नसतो, मजुराला असतो. लोकशाहीची सुरुवात अनेकदा अशा तक्रारीतूनच होते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे १९७२ चा दुष्काळ आठवल्यावाचून राहणार नाही. अमेरिकेतून आलेला लाल मिलो शिधावाटप दुकानांतून घेताना येथील शेतकऱ्याला वाटलेली लाज आणि खडी फोडून मिळविलेल्या मजुरीने त्याला दिलेली ताठ मान, या दोन्ही गोष्टी एकाच काळातील आहेत. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेली रोजगार हमी पुढे १९७७ च्या कायद्यात आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्या कायद्याच्या अंमलात उतरली. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन दुष्काळी प्रदेश एकमेकांची नक्कल न करता एकाच निष्कर्षाला पोहोचले: दुष्काळग्रस्ताला दया नको, काम हवे आणि कामाची हमी हवी.

अर्थात केप व्हर्देतील ही व्यवस्था निर्दोष नव्हती. मजुरी तुटपुंजी होती. घरातील पुरुष परदेशी गेल्यामुळे संसाराचा भार एकट्याने वाहणाऱ्या स्त्रियांची संख्या या कामांवर मोठी होती, आणि त्यांच्यापैकी पुष्कळजणींचे उभे आयुष्य दगड वाहण्यात गेले. १९९१ पर्यंत देशात एकपक्षीय राजवट होती, आणि जेथे दुसरा पक्ष नाही तेथे हजेरीपटाचाही पक्षासाठी उपयोग होण्याचा धोका असतोच. हे दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु या दोषांसह त्या व्यवस्थेने एक गोष्ट साधली. परदेशी धान्याचा हिशेब ठेवण्याची, ते वेळेवर बेटोबेटी पोहोचविण्याची आणि त्यातून सार्वजनिक मालमत्ता उभी करण्याची सवय एका नवजात प्रजासत्ताकाला लागली.

शाळेतील चूल

शाळेच्या जेवणाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. वसाहतकाळात दीर्घकाळ संपूर्ण द्वीपसमूहाला मिंडेलो येथील एका माध्यमिक शाळेवर भागवावे लागे. काब्रालचे शिक्षण तेथेच झाले. स्वातंत्र्याच्या वेळी प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक निरक्षर होते. नव्या सरकारने खेड्यापाड्यांत शाळा उघडल्या, पण उपाशी मूल तास-दोन तास चालून शाळेत येणार नाही आणि आले तरी फळ्याकडे त्याचे लक्ष लागणार नाही, हे उघड होते. १९७९ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाच्या शिध्यावर शाळांतील स्वयंपाकघरे सुरू झाली. भात, शेंगवर्गीय कडधान्ये, तेल, डब्यातील मासे असे साधेच जेवण; परंतु ते रोज आणि सर्वांना मिळे. आज त्या देशात प्राथमिक शाळेच्या वयाची बहुतेक सर्व मुलेमुली शाळेत आहेत. याचे श्रेय एकट्या जेवणाला देणे भाबडेपणाचे होईल; परंतु जेवणावाचून हे घडले असते, असे म्हणणेही धाडसाचे होईल.

महत्त्वाची बाब अशी की या एकतीस वर्षांत परदेशी संस्था चूल पेटविण्यासाठी शाळेत आली नाही. शिधा तिचा होता, पण शाळा सरकारची होती, शिक्षक सरकारचे होते आणि स्वयंपाक गावातील बायका करीत होत्या. कोठारे आणि वाहतूक सांभाळण्यासाठी शिक्षण खात्याच्या अधीन स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढे शालेय समाजकल्याणाचे राष्ट्रीय प्रतिष्ठान म्हणून तिची पुनर्रचना झाली. २००७ च्या अखेरीस केप व्हर्दे अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला आणि परदेशी शिधा आज ना उद्या थांबणार, हे स्पष्ट झाले. तेव्हा घबराट झाली नाही, कारण सोपवून घ्यावयाचे ते यंत्र आधीच हाताखालचे होते. नवी बाब एकच होती. शिध्याचा खर्च आता अंदाजपत्रकात लिहावयाचा होता.

तो लिहिला गेला. २०१५ मध्ये संसदेने शालेय आहार व आरोग्याचा कायदाही केला. १९९१ मध्ये बहुपक्षीय निवडणुका झाल्यापासून त्या देशात सत्तेची अदलाबदल अनेकदा झाली आहे. हस्तांतराच्या वेळी सत्तेवर असलेला पक्ष २०१६ मध्ये पराभूत झाला. परंतु शाळेतील जेवण काढून घेण्याची हिंमत त्याच्या प्रतिस्पर्ध्याने केली नाही. देणगीवर चालणारे काम देणगीदाराच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. अंदाजपत्रकात आणि कायद्यात शिरलेले काम काढायचे झाले तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून त्याची कारणे द्यावी लागतात. आणि मुलांच्या ताटातला घास काढून घेण्याचे कारण मतदाराला सांगणे सोपे नसते.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला आक्षेप दानधर्माच्या कैवाऱ्यांचा. सरकारे भ्रष्ट असतात, गरीब देशांची सरकारे अधिकच असतात. त्यांच्या हाती धान्य दिले तर ते कोठारात कुजेल किंवा बाजारात जाईल. तेव्हा सेवाभावी संस्थांनीच काम चालू ठेवावे, असे त्यांचे म्हणणे. यातील भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय उलटा आहे. भ्रष्ट सरकारला लोक जाब विचारू शकतात, त्याला खाली खेचू शकतात. दूरदेशीच्या विश्वस्त मंडळाला कोणत्या गावच्या ग्रामसभेत जाब विचारायचा? ते मंडळ कितीही प्रामाणिक असो, त्याचे उत्तरदायित्व देणगीदारांकडे असते, जेवणाऱ्यांकडे नसते.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी रोखण्याचा आदेश काढला आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही साठ वर्षांची संस्था संपुष्टात आली. तिचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. २०२४ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाच्या निधीपैकी निम्म्याच्या जवळपास रक्कम एकट्या अमेरिकेने दिली होती. एका राजधानीतील एका सहीने अनेक खंडांतील ताटे हलतात, ही वस्तुस्थिती दानाचा पाया किती कच्चा असतो हे सांगण्यास पुरेशी आहे. जे मर्जीने मिळते ते मर्जीने जाते.

दुसरा आक्षेप डाव्या गोटातूनच येतो. परदेशी मदत हे साम्राज्यशाहीचे साधन आहे. तिला मुळात हात लावू नये, म्हणजे हस्तांतराचा प्रश्नच उद्भवणार नाही, असे म्हटले जाते. अमेरिकेचा १९५४ चा पी. एल. ४८० हा कायदा आपल्या शेतकऱ्यांचे जास्तीचे धान्य खपविण्यासाठी आणि परराष्ट्र धोरणाचे हत्यार म्हणून कसा वापरला गेला, हे भारताने १९६५-६६ च्या दुष्काळात अनुभवले आहे. आक्षेपातील सावधगिरी म्हणून योग्यच आहे. परंतु केप व्हर्देने दाखविले ते असे की धान्य घेणे आणि अंकित होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. अट घालण्याची ताकद घेणाऱ्याकडेही असू शकते. मात्र त्यासाठी त्याच्याजवळ स्वतःची योजना, स्वतःचा हिशेब आणि लोकांचा विश्वास असावा लागतो. ज्याच्याजवळ हे तिन्ही नाहीत, तो धान्य नाकारूनही स्वतंत्र होत नाही.

केप व्हर्दे हा सुमारे पाच लाख लोकवस्तीचा चिमुकला देश. माणशी मिळालेली मदत मोठी आणि परदेशस्थ बांधवांकडून येणारा पैसाही मोठा. मोठ्या देशांना त्याचे उदाहरण कसे लागू पडावे, अशीही शंका घेतली जाईल. ती रास्त आहे. परंतु केनियासारख्या पुष्कळ मोठ्या देशातही वाट हीच राहिली. तेथे जागतिक अन्न कार्यक्रमाने १९८० मध्ये शाळांतील जेवण सुरू केले. २००९ मध्ये सरकारने स्थानिक बाजारातून धान्य विकत घेऊन चालविण्याची स्वतःची योजना पाच लाखांहून अधिक मुलांसाठी आखली आणि दरवर्षी थोडी थोडी करीत उरलेली मुलेही आपल्याकडे घेतली. २०१८ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले. नऊ वर्षांची ही सावकाशी हेच त्या कामाचे वैशिष्ट्य होय. एका रात्रीत चूल सोपविणे म्हणजे हस्तांतर नव्हे. ती जबाबदारीतून केलेली पळवाट होय.

ताब्यानंतरचे प्रश्न

सरकारने ताबा घेतला म्हणजे सारे प्रश्न सुटले, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. केप व्हर्देतच पाहा. शाळेत शिजणारा तांदूळ अजूनही जहाजाने येतो. मका आणि घेवडा एकत्र शिजवून केलेला कचूपा हे त्या बेटांचे घरोघरचे अन्न. परंतु स्थानिक शेतकऱ्याचा भाजीपाला आणि कोळ्याची ताजी मासळी शाळेच्या ताटात आणण्याचे प्रयत्न सुरू होऊनही ताटाचा मोठा भाग परकीयच राहिला आहे. पालकांकडून दरमहा थोडी वर्गणी घेण्याची प्रथा आहे. वर्गणी लहान असली तरी ज्याच्या घरी तीही नसते त्याच्या मुलाला ती मोठीच वाटते.

शिवाय लहान देशाच्या तिजोरीला वादळे सोसत नाहीत. २०२० मध्ये साथीमुळे पर्यटन थांबले आणि एका वर्षात त्या देशाचे उत्पन्न सुमारे एकपंचमांशाने घटले. त्यानंतर युक्रेनमधील युद्धाने धान्य महागले. २०२२ च्या जूनमध्ये सरकारला सामाजिक आणि आर्थिक आणीबाणी जाहीर करावी लागली, आणि सुमारे ९० हजार विद्यार्थ्यांचे जेवण चालू राहावे म्हणून जागतिक अन्न कार्यक्रम बारा वर्षांनी पुन्हा मदतीला आला. यावरून कोणी म्हणेल की हस्तांतर फसले. वस्तुतः निष्कर्ष उलट निघतो. या वेळी आलेली मदत राष्ट्रीय योजनेच्या पाठीशी उभी राहिली. तिने योजनेची जागा घेतली नाही. यंत्रणा देशाची होती, यादी देशाची होती, मदतीची मुदत ठरलेली होती. घर स्वतःचे असेल तर अडचणीच्या वेळी शेजाऱ्याकडून पायलीभर दाणे आणण्यात कमीपणा नाही. घरच दुसऱ्याचे असेल तर मात्र रोजची चूल त्याच्या परवानगीने पेटते.

भारताची वाटचालही या कसोटीवर तपासता येते. येथील अनेक राज्यांत शाळांतील दुपारचे जेवण एके काळी केअरसारख्या परदेशी संस्थांच्या शिध्यावर चालत असे. ते हक्काचे झाले ते संस्थांच्या औदार्यामुळे नव्हे. अन्नाच्या अधिकारासाठी २००१ मध्ये न्यायालयात आणि रस्त्यावर लढा उभा राहिला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क कायद्यात नोंदविला. तथापि ते अन्न शिजविणाऱ्या बाईला मजूर न मानता ‘मानसेवी’ मानण्यात आले. केंद्राने २००९ मध्ये तिचे मानधन दरमहा १००० रुपये ठरविले, तेही वर्षाच्या दहा महिन्यांचे. मुलाचे ताट दानातून बाहेर पडले. ते शिजविणारीचे श्रम मात्र अजून सेवेच्या नावाखाली दानातच मोजले जातात. हे अपुरे हस्तांतर होय.

कार्यकर्त्याने विचारावयाचे प्रश्न

तेव्हा कोणतीही संस्था, देशी असो वा विदेशी, आपले अन्नछत्र किंवा शाळा सोपविते असे कानी येईल, तेव्हा समारंभातील भाषणे ऐकून टाळ्या वाजविण्याआधी कार्यकर्त्याने काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. ते कोणाच्या स्वाधीन होत आहे? लोकांना उत्तरदायी असलेल्या सार्वजनिक यंत्रणेच्या, की नफा पाहणाऱ्या ठेकेदाराच्या? खर्चाची रक्कम अंदाजपत्रकात कायमच्या शीर्षाखाली लिहिली आहे काय, की एका वर्षाच्या घोषणेवर सारे उभे आहे? जेवणाचा हक्क कायद्यात नोंदला आहे काय? शिजविणाऱ्या स्त्रीला कामगार म्हणून मान्यता आणि पुरी मजुरी आहे काय? धान्य जवळच्या शेतकऱ्याकडून घेतले जाते काय? आणि ताट रिकामे राहिले तर आईने कोणाच्या दारात जाऊन भांडावे, हे गावातील प्रत्येक आईला ठाऊक आहे काय?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कायदा आणि अंदाजपत्रक या दोन्ही गोष्टी कागदावरच्या आहेत. त्यांना जिवंत ठेवते ती संघटित लोकांची जागरूकता. केप व्हर्देतील हस्तांतर टिकले, त्यामागे दुष्काळी कामांवर मजुरीसाठी झगडलेली आणि शाळेच्या चुलीशी राबलेली पिढी होती. जेथे अशी पिढी घडलेली नाही तेथे दाता गेल्यावर उरते ते केवळ भांड्यांचे कुलूप.

सेवाभावी संस्थेची निंदा करण्याचे येथे प्रयोजन नाही. भुकेल्या मुलाला आज जेवू घालणाऱ्या हाताची किंमत त्या मुलाइतकी कोणालाच कळत नाही. परंतु त्या हाताचे यश किती वर्षे आणि किती ताटे वाढली यावर मोजू नये. आपल्यावाचून ती ताटे वाढली जातील अशी व्यवस्था मागे ठेवून तो हात केव्हा बाजूला झाला, यावर ते मोजावे. आणि तो हात बाजूला होत असताना तेथे लोकांनी स्वतः उभे राहावे, हे पाहण्याचे काम दात्याचे नाही. ते कार्यकर्त्याचे आहे, आणि ते दाता आला त्याच दिवशी सुरू करावयाचे असते.